पेशंटला नातं लावायचं नाही

दस्तगीर, पहिल्या दिवशी मी तुझ्याऐवजी तुझ्या भावाची पाठ तपासली.

चूक सरळ आहे, तिला फाटे फोडण्यात अर्थ नाही. कडेगावला एस.टी.तून उतरलो तेव्हा ऊन माथ्यावर आलेलं. बरोबर आमची नवीन मदतनीस तारा. तुमच्या दारात चपला काढल्या, आत बाजेवर एक माणूस पालथा पडलेला दिसला आणि माझ्यातला मास्तर उफाळून आला. "हे बघा ताराबाई," मी म्हणालो, "घरात शिरल्यावर चहापाणी नंतर. आधी पेशंटची पाठ बघायची. माकडहाडापाशी कातडी लाल झाली असेल तर ती धोक्याची खूण." आणि बोलता बोलता मी त्या माणसाचं बनियन वर सारलं, विजार दोन बोटं खाली ओढली. जेवून घटकाभर आडवा झालेला तुझा धडधाकट थोरला भाऊ हमीद असा काही उसळला, की त्याचं कोपर माझ्या हनुवटीवर बसलं.

"कोन हाईस रं तू? आँ? मानसाची इजार वढतोस?"

तेव्हा कोपऱ्यातून तुझा आवाज आला. भिंतीला पाठ लावून तू बसला होतास, पुढ्यात खाकी कापड, हातात कात्री.

"सायब, पेशंट मी हाय. पर सुरवात केलीच हाय तर त्याची बी बघून घ्या. दुपारचं लय लोळतंय त्ये."

तारा तोंडात पदर कोंबून बाहेर पळाली. हमीदनं मला त्या गोष्टीसाठी माफ केलं नाही आणि तू मला ती विसरू दिली नाहीस. पुढं कधीही मी दारात उभा राहिलो की तू आत ओरडायचास, "हमीदभाई, इजार धर, सायब आलं!"

काल मी पुन्हा तुमच्या दारात उभा राहिलो. आतून कुणी ओरडलं नाही. चपला काढायच्या की नाही हेच मला बराच वेळ सुचेना.

तुझं चरित्र लिहायला मी बसलेलो नाही. कौलं चाळायला तू छपरावर चढलास, तिथून पडलास, कमरेखालचं अंग गेलं आणि डावा खांदा कामातून गेला, हे कडेगावच्या पेठेत कुणीही सांगेल. तू शिंपी कसा होतास तेही सांगतील. मला फक्त आपलं अर्धवट राहिलेलं भांडण पुढं न्यायचं आहे. तू होतास तोवर सोपं होतं, तुझी बाजू तू मांडायचास, माझी मी. आता दोन्ही मलाच मांडायला लागतात, आणि गंमत अशी की तुझी बाजू मांडताना माझी जीभ जास्त मोकळी चालते.

भांडण एका नियमाचं. नियम माझा.

मी मेढ्याचा. लष्करात जखमी जवानांची शुश्रूषा करण्यात उमेदीची वर्षं गेली. परत आलो तर सांगलीच्या एका संस्थेनं धरलं. अंथरुणाला खिळलेल्या, अपंग माणसांच्या घरी जाऊन त्यांना उठवणं-बसवणं, आंघोळ घालणं, कूस बदलणं यासाठी बायका तयार करायच्या, आणि मग घरोघर फिरून त्यांचं काम कसं चाललंय ते बघायचं. बायका बहुतेक नवऱ्यानं टाकलेल्या, नाहीतर विधवा. दुष्काळात खडी फोडून हात असे झालेले, की त्यांच्या पकडीतून माणूस निसटायची बिशाद नव्हती. तारा त्यातलीच, जत बाजूची. नवऱ्यानं टाकलेली, एकुलती लेक विट्याला मावशीकडं ठेवलेली.

माणूस कसा उचलायचा ते शिकवायला मी स्वतः खाटेवर झोपायचो. पहिल्या वर्गाला झोपलो तर बायका भिंतीला चिकटून उभ्या. एकीचाही हात पुढं येईना. शेवटी त्यांच्यातली सगळ्यात थोरली गंगूबाई म्हणाली, "तुमास्नी मामा म्हनू का? म्हंजे हात लावता यील."

"नाही!" मी खाटेवरूनच गरजलो. "पेशंटला नातं लावायचं नाही. मामा नाही, दादा नाही, कुणी नाही. मी पेशंट आहे!"

"बरं पेशंट," गंगूबाई म्हणाली, आणि चौघींनी मिळून मला उसाच्या मोळीसारखं उचललं. मोळी डोक्यावर तरी जाते नाहीतर खाली तरी. मी खाली गेलो. संस्थेची फरशी शहाबादी. पुढचे काही दिवस मी उभ्यानंच जेवलो आणि उभ्यानंच शिकवलं.

ही गोष्ट तुला सांगितली तेव्हा तू इतका हसलास की तुझी बायको, आमची जैतूनभाभी, आतून पाणी घेऊन धावली. हसून झाल्यावर मात्र तू म्हणालास, "त्या म्हातारीचं बराबर हुतं, सायब. तुजंच चुकलं." मला 'साहेब' म्हणून वर अरे-तुरे करणारा सबंध जिल्ह्यात तू एकटा.

पण नियम उगाच केलेला नव्हता. आमच्या पहिल्या पहिल्या मदतनिसांतली एक पोरगी एका बागायतदाराच्या घरी होती. लकवा झालेल्या म्हातारीला ती "आत्ती" म्हणायला लागली. झालं. आधी तिच्याकडं धुणं आलं, मग शेणघाण, मग उसातली भांगलण-खुरपणी. सुट्टी मागितली तर घरधनीण म्हणाली, "घरच्या पोरीला कसली गं सुट्टी?" आजारी पडली तर म्हणाली, "आपल्या आत्तीला टाकून जातीस व्हय?" पोरगी एक दिवस न सांगता निघून गेली. तेव्हापासून प्रत्येक नव्या वर्गात फळ्यावर माझं पहिलं वाक्य तेच. नातं लावायचं नाही. कामाला या, काम करा, वेळ झाली की घरी जा.

तारानं ते वाक्य मनावर घेतलं. तुझ्या घरी आली तेव्हा ती तुला कशालाच हाक मारेना. नाव घेणं शोभत नाही, नात्याला बंदी, मग हाक मारणार कशी? ती जैतूनभाभीशी बोलायची, भाभी नसली तर भिंतीशी.

"आवं बाई, ह्यांला म्हनावं, उजवा हात वर करा."

जैतूनभाभी तुझ्याकडं वळून, "हात वर करा म्हनत्यात."

तू छताकडं बघत, "त्यास्नी म्हनावं, हात वरच हाय. अजून किती वर करू, कौलं काढू का?"

हा सगळा प्रकार माझ्यासमोर चालला होता आणि मी मान डोलावत होतो. मला वाटत होतं, शिस्त काय छान उतरलीय! तू शेजारच्या खोलीत ठेवलेला पलंग असावास असं दोन बायका तुझ्याबद्दल बोलत होत्या, ते माझ्या डोक्यात शिरलं नाही. ती मराठ्याची आणि तू मुसलमान, तेव्हा खाण्यापिण्यावरून काही कुरबूर झाली तर काय बोलायचं, याचं भाषण मात्र मी एस.टी.त बसून पाठ केलं होतं. ते कुणी मागितलंच नाही. तारानं पहिल्याच दिवशी भाभीच्या हातचा चहा घेतला, वर "साकर जरा कमी हाय" म्हणाली. भाषण अजून माझ्याकडं आहे, कुणाला हवं असेल तर.

पुढच्या खेपेला आलो तर उंबऱ्यातच ऐकू आलं, "अण्णा, जरा फुडं वाका. हां. आता माज्या गळ्यात हात टाका."

मी आत जाऊन उभा राहिलो. "ताराबाई, काय नियम आहे आपला?"

ती खाली बघायला लागली. तू तिच्या गळ्यात हात टाकून अर्धा उचललेला, तसाच लोंबकळत मला म्हणालास, "तिला काय इच्यारतोस? मीच सांगितलंया. मला भाऊ म्हन, न्हाईतर हात लावू नगंस."

"दस्तगीर, नातं लागलं की उद्या तुझ्याच घरचे तिला राबवतील. सुट्टी द्यायचे नाहीत."

"आन् न्हाई लागलं तर? परकी बाई परक्या बाप्याच्या कमरंला हात घालती, ही बघून गल्ली गप बसंल? तुज्या नियमात तिची अब्रू कुठं बसतीया तेवढं दाव मला."

"आणि तुझी?"

"माजी कौलासंगं खाली आली. तिची अजून वर हाय."

तारा म्हणाली, "तुमी दोघं भांडा, पर आदी ह्यांला खाली ठिवू द्या. माजी कंबर ग्येली."

मी म्हणालो, विचार करून सांगतो. मेढ्याचा माणूस विचार करून सांगतो म्हणाला की समजावं, त्याच्याकडं उत्तर नाही.

पण तू ते भांडण नुसतं भांडणासाठी भांडत नव्हतास, हे मला पुढं कळलं. तुला दुकानात बसायचं होतं. एवढंच. पडल्यापासून पेठेतलं दुकान हमीद चालवत होता आणि तू घरात कोपऱ्यात काजं-बटणं करत होतास. पायाचं मशीन आता तुझं नव्हतं, पण हातानं फिरवायचं मशीन होतं, उजवा हात शाबूत होता. "मला गिऱ्हाईक दिसाया पायजे, सायब. नुसतं कापड दिसून मानूस शिंपी ऱ्हात न्हाई." हे तू मला एकदाच म्हणालास, आणि त्या वेळी थट्टा केली नाहीस.

हमीदचा विरोध होता. लोक बघायला येतील, कीव करतील, घराण्याचं हसं होईल. माझाही विरोध होता, माझं कारण वेगळं. दिवसभर एका जागी बसलास की बुडाखालची कातडी मरणार आणि तुला कळणारही नाही, कारण तिथली जाणीवच गेलेली. दुसरा कुणी असता तर दोन्ही हातांवर जोर देऊन स्वतःच अधूनमधून उचलला गेला असता. तुझा खांदा तेवढं करू देत नव्हता. म्हणजे दुसऱ्यानं तुला दर थोड्या वेळानं कमरेला धरून उचलायचं, भर पेठेत, उघड्या दुकानात, गिऱ्हाइकांच्या देखत. कोण उचलणार?

"माजी भन उचलंल," तू म्हणालास.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. उशिरा पडला, पण पडला.

मग पेठेतल्या एका बागवानाची भाजीची हातगाडी, तिच्यावर गादी, गादीवर तू, ढकलायला तारा आणि पुढं वाट मोकळी करत, जगाला शिव्या देत हमीद. पहिल्या दिवशी सगळी पेठ दारात उभी. तू लग्नाच्या वरातीत असल्यासारखे रामराम-सलाम घेत चाललेला. दुकानात बसवल्यावर थोड्या वेळानं तारानं तुला उचललं आणि समोर बसलेलं एक मिशाळ गिऱ्हाईक खाकरलं.

"दस्तगीर, ही कोन म्हनायची?"

"भन हाय माजी."

"तुजी भन कुकू कवापास्नं लावाय लागली रं?"

"तुजी अक्कल ग्येली तवापास्नं. सदरा शिवायचा हाय का तोंड? दोन्हीला माप घेतो."

पेठ हसली आणि विषय संपला. मोहरमात तुमच्या गावात ताबुताला खांदा देताना कुणाची जात कुणी विचारत नाही, हे मी ऐकून होतो. पण ताबूत उचलणं निराळं आणि माणूस उचलणं निराळं, अशी माझी समजूत. पेठेची तशी नव्हती.

दस्तगीर, ते महिने तुझ्या तोंडावर जे होतं, त्याला मी काय म्हणू? तुला उभं राहता येत नव्हतं म्हणून माप द्यायला गिऱ्हाईक तुझ्यापुढं गुडघे टेकायचं. पोस्टमन, पैलवान, माजी सरपंच, सगळ्या कडेगावची छाती तुझ्यापुढं गुडघ्यावर आलेली मी पाहिली आहे. मीही हौसेनं टेरिकॉटचं कापड घेऊन आलो, बेलबॉटम शिव म्हणालो. तू टेप माझ्या घोट्याभोवती फिरवलास आणि म्हणालास, "सायब, ह्या एका बाटमात तुजी दोनी तंगडी मावत्यात. दुसऱ्यात बाजार भर." शिवलीस मात्र झकास. ती घालून मेढ्याला गेलो तर आमच्या आईनं विचारलं, "परकर कुणाचा घातलास रं?"

हे असंच चालू राहिलं असतं तर मी तुला जिंकलास म्हणून लिहून दिलं असतं. पण माझा नियमही पोकळ नव्हता. एक दिवस ताराशी बोलताना कळलं, दुकान सुरू झाल्यापासून तिनं एकही रविवार घेतलेला नाही. लेकीला भेटलेली नाही. मला काय आनंद झाला! माणसानं असा आनंद व्हायला नको, पण झाला. तुझ्यापुढं येऊन मी जवळजवळ नाचलोच. "बघ! म्हणालो नव्हतो? भाऊ म्हणे! भावानं बहिणीची सुट्टी खाल्ली!"

तू माझ्याकडं बघितलंही नाहीस. "तारे, मला का न्हाई बोललीस?"

"भावाला कसं म्हनायचं, सुट्टी द्या म्हनून?" ती म्हणाली. "सायबाला म्हनता येतंय."

तू हातातली कात्री नुसती उघडत-मिटत बसलास. मग म्हणालास, "रविवारी जा. दर रविवारी. पोरगीला हिकडं बी आन, फ्रॉक शिवतो." आणि माझ्याकडं वळून, "झालं का समाधान?" झालं होतं. खोटं कशाला बोलू.

रविवारसाठी मी शेवंताला पाठवायला लागलो. नवीन होती, हुशार होती, आणि माझा फळा तिला तोंडपाठ. "हिला तरी बहीण करू नकोस," मी तुला बजावलं. "एक बहीण पुरे." तू हात जोडून म्हणालास, "न्हाई करत बाबा." रविवारी तू घरीच असायचास, त्यामुळं काही अडलं नाही. पावसाळ्याच्या तोंडाला शाळेच्या गणवेशांची घाई सुरू झाली, खाकी चड्ड्यांचे ढीग पडले, तेव्हा अडलं. त्या रविवारी तू दुकानात गेलास. सकाळपासून दिवे लागेपर्यंत.

शेवंतानं काहीच चूक केली नाही, हे मी तुला पुन्हा सांगतो, कारण तूही मला तेच सांगत होतास. ती वेळच्या वेळी तुझ्याजवळ यायची आणि मी शिकवलं होतं तसं विचारायची, "उचलू का?" समोर गिऱ्हाइकं. तू म्हणायचास, "ऱ्हाऊ दे." थोड्या वेळानं पुन्हा, "उचलू का?" "ऱ्हाऊ दे म्हन्लं न्हवं." पेशंट नको म्हणाला तर जबरदस्ती करायची नाही, हाही नियम माझाच. हमीद तिथंच मशीनवर होता, तुझ्याकडं पाठ करून. त्याला तू हाक मारली नाहीस.

सोमवारी तारानं बघितलं तेव्हा कातडी लाल नव्हती. काळी पडली होती.

नंतरचं मी लिहीत नाही. जखम हाडापर्यंत गेली, ताप उतरेना, सांगलीच्या डॉक्टरांनी मूत्रपिंडांचं नाव घेतलं आणि मला बाजूला नेऊन मान हलवली. तू म्हणालास, घरी ने. आणलं. हमीद त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलला. "दावा, कसं धरायचं," म्हणाला. मी त्याला तुझी कूस बदलायला शिकवलं. एका हातानं खांदा, दुसऱ्यानं कंबर, आपल्याकडं ओढायचं, झटका द्यायचा नाही. तू उशीत तोंड खुपसून पुटपुटलास, "हमीदभाई, इजार वढू नगंस." तो तिथंच खाली बसला आणि रडायला लागला, आणि तुझी कूस अर्धीच बदललेली राहिली.

त्या आजारात मी तुला विचारलं होतं. विचारायला नको होतं, पण माझी जीभ तुला माहीत आहे. "शेवंताला नको का म्हणालास?"

"लय गुणी बाई हाय ती. नियमानं वागली."

"मग?"

"आरं, परकी बाई. पेठंत सगळ्यांम्होरं इच्यारती, उचलू का. काय सांगू, व्हय उचल?"

"आणि हमीद? सख्खा भाऊ होता की तिथं."

तू डोळे मिटून घेतलेस. "सख्ख्याला सांगाय लाज वाटती, सायब. त्यानं मला खांद्यावर घिऊन जत्रा दावलीया. त्याला काय म्हनू, बूड उचल म्हनू?"

मी यावर खूप बोलू शकलो असतो. शेवंताला तू ताई म्हणाला असतास तर? मी तुला ते करू नको म्हणालो नसतो तर? पण मग ताराला सुट्टी मागता आली नाही, तिचं काय? आणि तू तरी काय, एवढा जगाला शिव्या देणारा माणूस, स्वतःच्या जिवासाठी एकदा लाज बाजूला ठेवता येत नव्हती? हे शेवटचं मला फार ओरडून विचारायचं होतं. अजून विचारायचं आहे. तापानं तुझे ओठ फुटलेले होते, म्हणून मी नुसतं पाणी पाजलं. तुझ्या मरणाचा राग कुणावर काढावा हे मला अजून ठरवता आलेलं नाही. नियमावर काढतो, तर ती बागायतदाराच्या घरची पोरगी समोर उभी राहते. तुझ्यावर काढतो, तर तू हसतोस.

मग तू म्हणालास, "तू मला कवाच दादा म्हन्ला न्हाईस. तुज्यापरास मोटा हाय मी."

"आधी जन्माचा दाखला दाखव," मी म्हणालो.

तू हसलास आणि खोकला आला. खोकला थांबेपर्यंत मी तुझी पाठ चोळत राहिलो. वाटलं, पुढच्या खेपेला म्हणू. सरप्राइज म्हणून दारातूनच हाक मारू, "दस्तगीरदादा, इजार धर!" एस.टी.त बसून मी तो शब्द एक-दोनदा म्हणूनही पाहिला. शेजारचा म्हातारा म्हणाला, "मला काय म्हनालासा?"

ती पुढची खेप आली, पण तुझ्या मातीला.

तारा बायकांत बसली होती, जैतूनभाभीला धरून. मला बघून उठून दाराशी आली. डोळे सुजलेले. म्हणाली, "सायब, भाऊ ग्येला तर संस्था किती दिस सुट्टी देती?"

आमच्या नियमात सख्ख्या नात्यालाच सुट्टी आहे. तो नियमही, तुला वाटलंच असेल, माझाच. मी म्हणालो, "तुम्हाला हवी तितकी घ्या." ती म्हणाली, "हवी तितकी नगं. भावाची असती तितकी द्या." आणि आत गेली. संस्थेत मी तसं सांगितलं आहे. सचिवांनी विचारलं, हा कोणता भाऊ, आडनाव जुळत नाही. मी म्हणालो, जुळेल हळूहळू. त्यांना वाटलं, मला ऊन लागलंय.

आणि जनाजा निघाला तेव्हा मी खांदा दिला, दस्तगीर. तू हलका झाला होतास. उचलणं हा माझा धंदा, वजन मला हाताला कळतं; एवढं हलकं मी तुला कधी धरलं नव्हतं. खरं सांगायचं तर मी तुला कधी उचललंच नव्हतं, मी फक्त उचलणाऱ्यांना सांगायचो, पाठ ताठ ठेवा, गुडघ्यातून वाका. खांदा देताना आपोआप गुडघ्यातून वाकलो. पुढच्या माणसानं वळून बघितलं, हा काय करतोय.

कब्रस्तानात गर्दी होती. माप द्यायला गुडघे टेकणारी सगळी पेठ आली होती. मी कसा कोण जाणे, अगदी खड्ड्याच्या कडेला जाऊन पोचलो होतो, आणि ओंजळभर माती धरून तिथंच उभा राहिलो. पुढं टाकवेना, मागं सरकवेना. डोळ्यांतून पाणी चाललं होतं ते पुसायला हात मोकळा नव्हता. शेजारी पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ आले, तुमचे मामू, कवठे महांकाळहून निघून वेळेत पोचलेले. त्यांनी माझ्या दंडाला धरलं.

"तुमी कोन मयताचं?"

शब्द तोंडाशी आला होता. तू मागत होतास तोच. पण समोर हमीद उभा, भोवती एवढी माणसं, त्यात माझं नाव हे असं हिंदू, आणि मी आयुष्यभर फळ्यावर लिहीत आलेलो. मी म्हणालो, "मी... देखरेखीला असायचो. मदतनीस बायकांचं काम बघायला यायचो."

मामूंनी मला खालपासून वरपर्यंत बघून घेतलं.

"मानूस ग्येलं की वो. आता कशाची द्येखरेख करताय? सरा मागं, नात्यातल्या लोकास्नी माती दिऊ द्या."